लिहिण्याचा नियम आणि वाचण्याचा नियम

मुंबईकडून येणारी कोकण रेल्वेची गाडी गोव्याच्या हद्दीत शिरली, की पहिले स्थानक लागते ते पेडण्याचे. रोमन लिपीत त्याचे नाव पी, ई, आर, एन, ई, एम अशा सहा अक्षरांनी लिहितात. परप्रांतातला प्रवासी ते 'पर्नेम' असे वाचतो. त्याच डब्यातून उतरणारी पेडण्याची म्हातारी मात्र आपल्या गावाला पेडणेच म्हणते. प्रवाशाचे वाचन चुकले काय? शाळेत इंग्रजी जसे शिकवले तसेच त्याने वाचले. एक अक्षरही गाळले नाही. मग लिहिणाऱ्याचे चुकले म्हणावे, तर तेही खरे नव्हे. पोर्तुगीज रीतीप्रमाणे शब्दाच्या शेवटी आलेला एम ओठ मिटून उच्चारावयाचा नसतो. मागचा स्वर नाकातून काढावा, एवढीच सूचना तो देतो. कोकणीत 'पेडणें' या शब्दावर जो अनुस्वार आहे, त्याचीच ती खूण. मधल्या 'ड'करिता त्या लोकांनी आपल्या भाषेतला जवळचा वर्ण म्हणून आर घेतला. लिहिणाऱ्याने आपल्या नियमाने लिहिले, वाचणाऱ्याने आपल्या नियमाने वाचले, आणि गाव मात्र दोघांच्या मध्ये हरवले.

या दोन तालुक्यांत अशी नावे पावलोपावली भेटतात. पेडण्यातील मोरजी, तुये, पार्से, मांद्रे, केरी आणि डिचोलीतील मये, कुडणे, साखळी ही सारी रोमन लिपीत एम या अक्षराने संपतात. विर्नोड्यातील 'ड' पेडण्याप्रमाणेच आर होऊन बसला आहे. केपे तालुक्यातील शेल्डे या गावाचे नाव तर एक्स या अक्षराने सुरू होते. पोर्तुगीजांना त्यात 'श' ऐकू येई, इंग्रजी शिकलेल्याला काय म्हणावे तेच कळत नाही. खुद्द डिचोलीची गोष्ट थोडी निराळी आहे. तिच्या रोमन नावाचे पहिले अक्षर बी आहे, आणि वाचनाचा कोणताही नियम लावला तरी बीचा 'ड' होत नाही. तेथे लेखनच दुसरे झाले आहे. हा भेद लक्षात ठेवण्याजोगा आहे: पेडण्याचे दुखणे वाचण्यात आहे, डिचोलीचे लिहिण्यात.

कोणती चिन्हे कोणत्या क्रमाने मांडली म्हणजे लेख नियमानुसार झाला, हे सांगणारा एक नियम असतो. तो लेख हाती आल्यावर घेणाऱ्याने त्याचे काय करावे, त्यावरून काय समजावे, हे सांगणारा नियम दुसरा. लिहिणारा आणि वाचणारा एकाच शाळेत शिकलेले असले, म्हणजे हे दोन नियम एकमेकांत इतके मिसळून जातात की ते दोन आहेत याचा कोणास पत्ताही लागत नाही. कागद परगावी गेला, किंवा काळ पालटला, की ते सुटे होतात.

1579 साली गोव्यास आलेले इंग्रज जेझुइट धर्मोपदेशक थॉमस स्टीफन्स यांनी हा प्रश्न फार जुन्या काळी हाताळला. त्यांचे 'ख्रिस्तपुराण' 1616 साली रायतूरच्या छापखान्यात छापले गेले. भाषा मराठी, छंद ओवीचा, अक्षरे मात्र रोमन. देवनागरीचे खिळे गोव्यात तेव्हा नव्हते आणि रोमन वर्णमालेत 'ण', 'ळ', 'ट', 'ड' यांना जागा नाही. म्हणून मूर्धन्य वर्णाकरिता तेच अक्षर दोनदा लिहावे अशी रीत त्या परंपरेत रूढ झाली. 'पुराण' शब्दातील 'ण' एन हे अक्षर दोनदा लिहून दाखवीत. रीत ठाऊक असलेल्याला तो शब्द अडत नाही. रीत ठाऊक नसलेला मात्र 'पुरान्ना' म्हणेल आणि ओवीचा ठेकाच मोडेल. ग्रंथ तोच आणि छपाईही निर्दोष. पुढे 1956 साली शांताराम बंडेलू यांनी पुण्याहून त्याची देवनागरी आवृत्ती काढली, तेव्हा सामान्य मराठी वाचकाला ती ओवी सरळ वाचता आली. पानावरच्या खुणा बदलल्या, अर्थ जागचा हलला नाही.

पेडणे आणि डिचोली हे दोन्ही महाल सावंतवाडीच्या भोसल्यांकडून पोर्तुगीजांकडे आले. डिचोली 1781 साली, पेडणे 1788 साली. जुन्या काबिजादींच्या मानाने हे नवे मुलूख, आणि येथील जुना लिखित व्यवहार मोडी मराठीचा. मोडीत ह्रस्वदीर्घाचा भेद पाळीत नाहीत, शब्दही तोडून लिहीत नाहीत. म्हणजे कागदावर थोडे आणि वाचणाराच्या माथी बरेच, असा त्या लिपीचा कारभार. घराण्याचा कारकून ते दप्तर घडाघडा वाची. कारण वाचण्याचा नियम त्याच्या डोक्यात होता, कागदावर नव्हता. कारकून गेला, की घरच्यांच्या हाती नुसत्या शाईच्या ओळी उरत. त्याच्यानंतर पोर्तुगीज कागद आले. त्यांत हजाराचा अंक तोडायला टिंब आणि अपूर्णांकाला स्वल्पविराम, म्हणजे आपल्या अगदी उलट. त्या अमलाच्या अखेरच्या वर्षांतले चलन एस्कुदो. दीड एस्कुदो लिहावयाचा तर एक, मग आज आपण डॉलरची म्हणून ओळखतो ती खूण, मग पन्नास. आजच्या मुलाच्या हाती असा कागद दिला, तर आजोबांनी अमेरिकेशी व्यापार केला असे तो बेधडक सांगेल.

पण या विषयात माणसाचे नफानुकसान जेथे खरोखर गुंतलेले आहे, अशी जागा म्हणजे जमिनीचा उतारा. महाराष्ट्रात जसा सात-बारा, तसा गोव्यात एक-चौदा. दोन्हीकडे दोन नमुन्यांचे अंक जोडून नाव पडले आहे. त्यात सर्व्हे नंबर, पोटहिस्सा, क्षेत्रफळ, कब्जेदाराचे नाव, कुळाचे नाव, इतर हक्क असे रकाने असतात. कोणत्या रकान्यात काय लिहावे, हे नमुना सांगतो. त्या नावाचे फळ काय, हे नमुना सांगत नाही. ते कायद्यात पाहावे लागते. 1968 च्या जमीन महसूल संहितेचे 105 वे कलम म्हणते, की हक्कनोंदणीतील नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी मानावी. म्हणजे नोंद हा पुरावा आहे, पण मालकी तिच्यातून जन्म घेत नाही. महसुली नोंदीने मालकी हक्क उत्पन्न होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने अनेक निकालांत सांगितले आहे. तरीही गावोगाव उतारा हीच मालकी असे समजणारी माणसे आहेत. तो घडी घालून उशाखाली ठेवणाऱ्याची निष्ठा पाहून गहिवरून येते. परंतु कोर्टात गहिवराला स्थान नाही.

आता या वेगळेपणाची दुसरी बाजू पाहू. 'कूळ' हा शब्द घ्या. 1964 च्या कूळ कायद्याने कुळाला संरक्षण दिले, तरी त्याला खंड हा भरावाच लागे. 1976 साली त्या कायद्यात पाचवी दुरुस्ती झाली. त्या वर्षीचा 20 एप्रिल हा कृषकदिन ठरला, आणि त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत होता त्याने ती विकत घेतली असे मानण्यात यावे, अशी तरतूद आली. किंमत भरणे, चौकशी होणे, प्रमाणपत्र मिळणे हे सोपस्कार मागाहून यायचे होते, आणि अनेकांच्या बाबतीत ते वर्षानुवर्षे रेंगाळले, ही वेगळी दुःखाची कथा. पण रकान्याला कोणी हात लावला नाही. तेथे तोच शब्द, त्याच जागी. फरक पडला तो त्या शब्दाचे पुढे काय करावे या नियमात. 'या रकान्यातील इसमाने खंड भरावा' असे वाक्य जर नमुन्यातच छापलेले असते, तर 1976 साली गोव्यातला प्रत्येक उतारा खोटा पडला असता आणि पुन्हा लिहावा लागला असता. मांडणी आणि परिणाम वेगळे ठेवले होते, म्हणून दप्तर न फाडता कायदा बदलता आला.

हाच उतारा आता संगणकाच्या पडद्यावर येतो, आणि एका संगणकाकडून दुसऱ्याकडे जातो. संगणकाला अंदाज करता येत नाही. मोडी वाचणाऱ्या कारकुनाप्रमाणे 'येथे असेच म्हणायचे असणार' असे तो मनाशी म्हणू शकत नाही. म्हणून यंत्रांनी एकमेकांस पाठवावयाच्या मजकुराचे मांडणीनियम जागतिक मंडळांकडून ठरवून घेतलेले आहेत. त्यांपैकी आज फार वापरात असलेला एक नियम 'जेसन' या नावाने ओळखला जातो. डग्लस क्रॉकफर्ड या अमेरिकन गृहस्थांनी तो या शतकाच्या प्रारंभी रूढ केला. त्याची रचना इतकी साधी आहे की शाळेतल्या मुलाला तासाभरात शिकवावी. महिरपी कंसात आधी बाबीचे नाव, मग विसर्गासारखी दोन टिंबे, मग तिचे मूल्य. दोन बाबींमध्ये स्वल्पविराम. मूल्य म्हणून अवतरणात घातलेला मजकूर चालतो, अंक चालतो, होय-नाही चालते, रिकामे चालते, आणि आणखी एखादी यादी किंवा असाच दुसरा कंसही चालतो.

जिनिव्हा येथील एक्मा या मानक मंडळाने 2013 साली या रचनेचे मानक प्रसिद्ध केले. त्याचा क्रमांक 404. त्यात त्या मंडळाने मोठ्या निग्रहाने स्पष्ट केले, की आम्ही फक्त मांडणी सांगत आहोत, तिचा अर्थ वापरणाऱ्यांनी आपसांत ठरवावा. अंक म्हणजे अंकचिन्हांची ओळ. तो किती मोठा असावा आणि किती अचूक धरावा, हे तेथे नाही. इंटरनेटचे नियम लिहिणाऱ्या अभियंत्यांच्या मंडळीने त्याच रचनेवर आपला वेगळा दस्तऐवज काढला, आणि त्यात मात्र वाचणाऱ्या यंत्रांकरिता इशारे घातले. एकाच लेखनाला दोन पुस्तके लाभली: एक निव्वळ व्याकरणाचे, दुसरे व्यवहाराचेही थोडे सांगणारे.

इशारे कशाला हवेत, हे एका अंकावरून कळेल. 9007199254740993 हा अंक जेसनच्या व्याकरणाप्रमाणे शुद्ध आहे. पण पुष्कळशी यंत्रे अंक ज्या पद्धतीने साठवतात, त्या पद्धतीत एवढा मोठा पूर्णांक नेमका बसत नाही. तो आत घेतला आणि परत बाहेर काढला, की शेवटचा 3 जाऊन 2 होतो. तक्रार नाही, सूचना नाही. एक अंक हळूच बदलला. रक्कम असती तर फार बिघडले नसते. पण तो एखाद्या दस्ताचा किंवा खात्याचा क्रमांक असेल, तर तो दुसऱ्याच माणसाचा झाला. ट्विटर या संस्थेने 2010 साली आपले संदेशक्रमांक वाढवले तेव्हा हीच अडचण उभी राहिली, आणि प्रत्येक क्रमांक अंक म्हणून एकदा व अवतरणात मजकूर म्हणून एकदा, असा दोनदा पाठवण्याची सोय त्यांना करावी लागली.

याहून गंभीर प्रकार 2017 साली उघडकीस आला. एकाच कंसात एकच नाव दोनदा आले तर काय करावे? एक्माचे मानक यावर मौन पाळते. अभियंत्यांचा दस्तऐवज म्हणतो की नावे वेगवेगळी असावीत. पण 'असलीच पाहिजेत' असे म्हणत नाही. काउचडीबी नावाच्या एका माहितीकोशात मजकूर वाचणारी दोन यंत्रे होती. तपासणी करणारे यंत्र दोनदा आलेल्या नावाचे शेवटचे मूल्य धरी, अधिकार देणारे यंत्र पहिले धरी. एखाद्या लबाडाने 'अधिकार' ही बाब दोनदा लिहावी, पहिल्यांदा 'सर्वाधिकारी' आणि दुसऱ्यांदा रिकामी. तपासणारा रिकामी पाहून सोडून देई. आतला कारभारी पहिली वाचून त्याला किल्ल्या देई. दोघांनीही लेख वाचला होता आणि दोघांच्या मते तो शुद्ध होता. ही उणीव नंतर बुजवण्यात आली, पण ती जन्मली कोठे, हे पाहिले पाहिजे. कागदावर खोट नव्हती. एकाच घरात वाचण्याचे दोन नियम नांदत होते, आणि घरधन्याला त्याची वार्ता नव्हती.

कोणी विचारील, मग मानक करणाऱ्यांनी अर्थही एकदाच का लिहून टाकू नये? काहींनी तसे केले आहे. 1998 साली आलेल्या एक्सएमएल या रचनेच्या मानकाने मांडणीबरोबर एक कडक आज्ञाही घातली: लेखात मांडणीची चूक सापडली, की यंत्राने नेहमीचे वाचन तेथेच थांबवावे. वेबपानांच्या एचटीएमएलचा मार्ग याच्या नेमका उलट. चुकलेली पाने इतकी असंख्य लिहिली जाऊन बसली होती, की 2014 साली पक्क्या झालेल्या त्याच्या पाचव्या आवृत्तीत अशुद्ध पानही सर्व यंत्रांनी एकाच तऱ्हेने कसे वाचावे, हे पायरीपायरीने लिहून द्यावे लागले. ते योग्यच झाले. जेथे वाचणारे अगणित आणि लिहिणारे बेशिस्त, तेथे वाचण्याचा नियम मानकातच हवा. पण जेसनसारखी रचना औषधाच्या यादीलाही लागते आणि जमिनीच्या यादीलाही. तिने 'अंक म्हणजे रुपये' असे ठरवून टाकले असते, तर ती एकाच दुकानाची झाली असती. लहान मानक टिकते, कारण ते थोडे बोलते. मात्र त्याच्या मौनाची जागा कोणी तरी भरावी लागते. ती भरण्याचे काम आपले आहे, हेच बहुतेकांच्या ध्यानात येत नाही.

पुन्हा आपल्या मुलखाकडे येऊ. 2022 च्या डिसेंबरात मोप्याच्या विमानतळाचे उद्घाटन झाले, आणि पेडण्यातील जमिनींकडे दूरदूरच्या लोकांचे डोळे लागले. आजोबांची जमीन कोठे आणि किती, हे मुंबईला, वसईला, आखातात असलेल्या नातवंडांना एकाएकी जाणून घ्यावेसे वाटू लागले. समजा, गावातले मामा वहीतून सर्व्हे नंबर काढतात आणि मुंबईचा भाचा ते संगणकावरच्या तक्त्यात भरतो. मामा सांगतात, "बारा बाय तीन." भाचा 12/3 असे टंकतो. तक्ता त्याची तारीख करतो, 12 मार्च. अमेरिकन पद्धतीवर लावलेल्या यंत्रात तीच 3 डिसेंबर होते. 45/60 हा नंबर मात्र तसाच राहतो, कारण त्यातून तारीख निघत नाही. एकाच यादीत अर्धी शेते पंचांगात गेली आणि अर्धी जमिनीवर राहिली. भाच्याला वाटते मामा चुकले, मामांना वाटते भाच्याचे लक्ष नाही. हा प्रकार केवळ आपल्याकडचा नव्हे. माणसाच्या जनुकांपैकी काहींची नावे मार्च आणि सप्टेंबर या इंग्रजी महिन्यांच्या नावांसारखी असल्यामुळे तक्ते त्यांच्या तारखा करीत, आणि शास्त्रज्ञांच्या नामकरण समितीने 2020 साली हात टेकून ती नावेच बदलली. पेडण्याच्या शेतांचे नंबर काही बदलता येणार नाहीत.

येथे उपाय लिहिण्यापेक्षा वाचण्याच्या बाजूने करावयाचा आहे. तक्त्यातला तो रकाना भरण्यापूर्वीच 'मजकूर' म्हणून ठरवून ठेवावा, किंवा प्रत्येक नंबरापूर्वी एकेरी अवतरणचिन्ह टंकावे, म्हणजे यंत्र त्याला हात लावीत नाही. आणि यादीबरोबर एक दुसरे पान जोडावे. त्यावर साध्या मराठीत लिहावे: पहिला रकाना गावाचे नाव, देवनागरीत, आणि शेजारी सरकारी कागदावरचे रोमन स्पेलिंग जसेच्या तसे. दुसरा रकाना सर्व्हे नंबर व पोटहिस्सा. ही तारीख नव्हे, अपूर्णांकही नव्हे. तिसरा क्षेत्रफळ, चौरस मीटरमध्ये, टिंबानंतरचा भाग अपूर्णांक. चौथा कब्जेदाराचे नाव, उताऱ्यावर आहे तसे. ते असल्याने मालकी ठरली असे समजू नये. पाचवा कुळाचे नाव. ते असल्यास 1976 ची दुरुस्ती पाहावी आणि वकिलास विचारल्यावाचून कोणाशी सौदा बोलू नये. रकाना रिकामा असेल तर 'कूळ नाही' आणि 'ठाऊक नाही' यांपैकी काय समजायचे, तेही मामांना विचारून त्याच पानावर लिहून घ्यावे.